टीव्हीवर चंद्र, थिएटरात जंगल

मोटू आणि पतलू चंद्रावर जाऊन आले आहेत. परग्रहवासीयांच्या मुलखातही त्यांचा एक फेरफटका झाला आहे आणि यंत्रमानव पोरांशी त्यांची मारामारीही झाली आहे. 'मिशन मून', 'एलियन वर्ल्ड', 'रोबो किड्स' ही त्यांच्या टीव्हीपटांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. फुरफुरी नगरातले डॉक्टर झटका रोज काहीतरी नवं यंत्र बनवतात, ते बिघडतं, त्यातून घोटाळा होतो आणि समोसा पोटात गेल्यावर मोटू तो निस्तरतो. वाशी-नेरूळपासून पनवेलपर्यंत ज्या घरात लहान मूल आहे, तिथे हा साचा आजी-आजोबांनाही तोंडपाठ झालेला असतो.

मग १४ ऑक्टोबर २०१६ रोजी या जोडीचा खरा, तिकीट काढून बघायचा सिनेमा आला : 'मोटू पतलू : किंग ऑफ किंग्ज'. त्यात चंद्र नव्हता आणि परग्रहही नव्हता. सर्कशीतून पळालेला एक सिंह होता, जंगल होतं आणि त्या जंगलाखालच्या सोन्यावर डोळा ठेवून बसलेला एक खलनायक होता. टीव्हीवर फुकटात अंतराळ दाखवणारी मंडळी पैसे घेऊन मात्र जंगल दाखवू लागली. भारतातल्या अ‍ॅनिमेटेड विज्ञानमालिकांचं मोठ्या पडद्याशी असलेलं नातं समजून घ्यायचं, तर या एका निवडीपासून सुरुवात करावी लागते.

निवड करणारे नवखे नव्हते, हे आधी सांगायला हवं. मोटू-पतलू मूळचे 'लोटपोट' या हिंदी बालसाप्ताहिकातले. १६ ऑक्टोबर २०१२ पासून ते निकेलोडियनवर आले. मालिका बनवली मुंबईच्या कॉसमॉस-माया या स्टुडिओने, दिग्दर्शन सुहास कडव यांचं, आणि सिनेमाही कडव यांच्याच हाती आला. स्टुडिओच्या नावातल्या 'माया'चा धागा केतन मेहता आणि दीपा साही यांच्यापर्यंत जातो. मेहता म्हणजे 'मिर्च मसाला'चे दिग्दर्शक; पण नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना ते आठवतात 'कॅप्टन व्योम'साठी. १९९८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या या मालिकेत मिलिंद सोमण अंतराळातल्या कैद्यांच्या मागावर असे. ती हाडामांसाच्या नटांची मालिका होती, पण तिची सगळी मदार संगणकी चित्रांवर होती. आज ती चित्रं पाहून हसू येईल. तरीही भविष्यकाळाची कल्पना करून ती दर आठवड्याला दूरदर्शनवर मांडण्याची धमक त्या काळी मेहतांनी दाखवली. त्याच घराण्याच्या स्टुडिओला अठरा वर्षांनी सिनेमा करताना सिंह आठवला, हे नुसतं गमतीचं मानून सोडून देता येत नाही.

सिनेमा वाईट होता असं नाही. संगीत विशाल भारद्वाज यांचं, गीतं गुलजार यांची, सिंहाला आवाज विनय पाठक यांचा, शिवाय थ्रीडी. बालपटासाठी एवढी तयारी आपल्याकडे क्वचितच होते. प्रश्न वेगळाच आहे. मालिकेतलं काय सिनेमात येऊ शकलं आणि काय दाराबाहेर राहिलं?

टीव्हीवरचा एक भाग साधारण अकरा मिनिटांचा. त्यात एक यंत्र, एक चूक, एक पाठलाग, एक समोसा. भाग संपला की पाटी कोरी. काल शहर उद्ध्वस्त झालं असलं, तरी आज ते जसंच्या तसं उभं असतं आणि कुणालाही कालचं काही आठवत नाही. वाहिनीला हे सोयीचं असतं, कारण कुठलाही भाग केव्हाही, कितीही वेळा दाखवता येतो. पण सिनेमात प्रेक्षक दीड-पावणेदोन तास एका जागी बसलेला असतो. त्याला पात्रांचं काहीतरी हरवलेलं, काहीतरी बदललेलं दिसावं लागतं. ज्या पात्रांना कालचा दिवस आठवत नाही, त्यांच्याकडून हे करवून घेणं कठीण. म्हणून लेखक बाहेरून एखादं पात्र आणतात आणि भावनेचा सगळा भार त्याच्यावर टाकतात. 'किंग ऑफ किंग्ज'मध्ये तो भार सिंहाने उचलला. मोटू आणि पतलू आपल्याच सिनेमात बरेचसे पाहुणे झाले.

तांत्रिक बाजूही आहेच. मालिकेत तीच घरं, तेच रस्ते, तेच कपडे पुन्हा पुन्हा वापरून खर्च आटोक्यात ठेवतात. छोट्या पडद्यावर पार्श्वभूमीची गर्दी पुठ्ठ्याची वाटली तरी चालतं. चाळीस फुटी पडद्यावर ती उघडी पडते. कापडाची घडी, केसांची हालचाल, पाण्यावरचं ऊन हे सारं नव्याने घडवावं लागतं. थ्रीडी म्हटलं की प्रत्येक चौकट डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगळी तयार करायची, म्हणजे संगणकाचं काम जवळजवळ दुप्पट. एवढा खर्च करायचाच, तर विषय तरी खात्रीचा असावा, असं निर्मात्याला वाटतं. आणि खात्रीचा विषय कोणता, याचं उत्तर इथल्या तिकीटबारीने बऱ्याच आधी देऊन ठेवलं होतं.

ते उत्तर २००५ सालचं. मुंबईत तयार झालेला व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' त्या ऑक्टोबरमध्ये आला, चालला, आणि पुढची अनेक वर्षं अ‍ॅनिमेशनपट म्हणजे देवादिकांची कथा हे समीकरण पक्कं झालं. वीस वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, 'महावतार नरसिंह'ने तेच समीकरण कितीतरी मोठ्या आकड्यांनी सिद्ध केलं; त्याची जगभरातली कमाई ३०० कोटी रुपयांच्या पुढे गेली. यात निर्मात्यांची भक्ती किती आणि हिशेब किती हे त्यांनाच ठाऊक. पण मुलांच्या सिनेमाचं तिकीट मूल काढत नाही, हे उघड आहे. टीव्हीचा रिमोट मुलाच्या हातात असतो, पाकीट आई-वडिलांच्या. चार तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरून मॉलमधली एक दुपार हजार-दोन हजारांना पडते. आई-वडिलांना त्या पैशांत संस्कार हवे असतात, निदान स्वतःच्या लहानपणची ओळखीची गोष्ट तरी. यंत्रमानव यांपैकी काहीच देत नाही, असा आपल्याकडे समज आहे.

हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा अनुभवही याच वळणाचा. त्यांचा 'छोटा भीम' ढोलकपूरच्या राजा-राणीच्या जगातला. तो २०१२ मध्ये 'कर्स ऑफ दमयान'सह थिएटरात आला आणि पुढेही येत राहिला. त्याच घरातला 'मायटी राजू' मात्र विज्ञानाच्या कुळातला आहे. वैज्ञानिक वडिलांच्या प्रयोगशाळेतलं न्यूट्रिनोचं द्रावण आईच्या पोटात जातं आणि बाळ अचाट ताकद घेऊन जन्मतं, अशी त्याची जन्मकथा. मे २०१४ मध्ये त्याचा सिनेमा आला, 'रिओ कॉलिंग'. महिनाभरावर ब्राझीलमधला फुटबॉल विश्वचषक होता. मग काय, राजू रिओला गेला, फुटबॉल खेळला, तिथल्या गुंडांशी लढला. न्यूट्रिनो बिचारे आर्यनगरातच राहिले.

मुंबईच्या पोराची एक कहाणी तर याहून चुटपुट लावणारी. स्पायडरमॅनचे सहनिर्माते स्टॅन ली यांनी शरद देवराजन आणि गौतम चोप्रा यांच्या साथीने 'चक्र : द इन्व्हिन्सिबल' हा नायक रचला. राजू राय हा मुंबईत राहणारा, तंत्रज्ञानात डोकं चालणारा मुलगा. डॉक्टर सिंग या वैज्ञानिकाच्या जोडीने तो असा पोशाख बनवतो, की जो शरीरातली चक्रं जागी करतो. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कार्टून नेटवर्कवर तो पहिल्यांदा दिसला, पुढे इंटरनेटवर मालिकेच्या रूपात गेला. कल्पना चतुर होती. चक्रं आली म्हणून आजोबा खूश आणि पोशाख आला म्हणून नातू. २०१६ मध्ये त्यावर हाडामांसाच्या नटांचा सिनेमा काढायची घोषणा झाली. दिग्दर्शक म्हणून विक्रमादित्य मोटवाने यांचं नाव होतं, संस्था होती फँटम फिल्म्स. मोटवाने यांनी मुंबईतल्या मुखवटाधारी वीरावर सिनेमा केलाही, पण तो 'भावेश जोशी सुपरहिरो', २०१८ सालचा, आणि त्याचा चक्रशी संबंध नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फँटम बंद झाली आणि नोव्हेंबरमध्ये स्टॅन ली गेले. राजू रायचा सिनेमा काही आला नाही.

उलट्या दिशेची वाहतूक मात्र जोरात आहे. 'कोई... मिल गया'मधला जादू २००४ मध्ये निकेलोडियनवर 'जे बोले तो जादू' होऊन आला. 'क्रिश ३'च्या आधी २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' आला. सिंघमचा 'लिटल सिंघम' झाला, गोलमालचा 'गोलमाल ज्युनिअर' झाला. जून २०२४ च्या 'कल्की २८९८ एडी'आधी महिनाभर 'बुज्जी अँड भैरव' ही दोन भागांची अ‍ॅनिमेटेड मालिका ऑनलाइन आली, आणि ती तर अस्सल विज्ञानकथा होती. पण तिचं काम सिनेमाची दवंडी पिटणं एवढंच. आपल्याकडे अ‍ॅनिमेशन सिनेमाच्या मागून चालतं किंवा पुढे धावतं, सिनेमाला जन्म देण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही.

जपानमध्ये ती वेळ १९७७ साली आली, आणि तीही अपयशातून. 'स्पेस बॅटलशिप यामातो' ही मालिका ऑक्टोबर १९७४ मध्ये सुरू झाली. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर आल्प्समधली लाडकी 'हायडी' होती. यामातोला प्रेक्षक मिळेना; कथा आवरती घेऊन २६ भागांत मार्च १९७५ मध्ये मालिका गुंडाळली. पण तिचं पुनःप्रसारण होत गेलं आणि एक वेगळाच प्रेक्षक गोळा झाला : शाळकरी नव्हे, कॉलेजातला. निर्माते योशिनोबु निशिझाकी यांनी त्या २६ भागांना कात्री लावून सव्वादोन तासांच्या आतबाहेरचा सिनेमा बनवला आणि ऑगस्ट १९७७ मध्ये थिएटरात आणला. सिनेमा जोरात चालला. नवं चित्रण जवळजवळ नव्हतंच. जुनंच सारं, पण प्रेक्षक त्यासाठी पैसे मोजायला तयार होता, कारण त्या २६ भागांत एकच सलग कथा होती. पृथ्वी वाचवायला निघालेलं जहाज, हातात एकच वर्ष, आणि प्रत्येक भागाअखेर उरलेले दिवस. कापून जोडलं तरी धागा तुटला नाही.

'मोबाइल सूट गुंडाम'चंही तसंच. ५२ भागांची आखणी, प्रतिसाद कमी म्हणून जानेवारी १९८० मध्ये ४३ वर पूर्णविराम. मग यंत्रमानवांची प्लास्टिकची जोडणीची मॉडेलं बाजारात आली, ती मुलांनी उचलून धरली, आणि १९८१-८२ मध्ये मालिकेचेच भाग संकलित करून तीन सिनेमे निघाले. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी तिसऱ्या भागासाठी बरंच नवं चित्रण करून घेतलं. मालिका, खेळणं आणि सिनेमा अशी ही तीन पायांची तिवई. आपल्याकडे दुसरा पाय लुळा आहे. दप्तरावर, डब्यावर, वॉटरबॅगवर लाडकी पात्रं असतात, पण त्यातला बराच माल बिनपरवाना. त्याचा पैसा पात्र घडवणाऱ्याच्या हाती फारसा येत नाही.

खेळण्यांच्या पैशालाही लगाम लागतो, हे अमेरिकेने दाखवलं. 'ट्रान्सफॉर्मर्स' ही १९८४ ची मालिका मुळात खेळणी विकण्यासाठीच होती. ऑगस्ट १९८६ मध्ये तिचा अ‍ॅनिमेटेड सिनेमा आला, त्यात खेळण्यांच्या नव्या फळीला जागा करून द्यायला पहिल्या अर्ध्या तासातच नायक ऑप्टिमस प्राइमला मारलं. थिएटरात मुलं रडली, पालक संतापले आणि सिनेमा पडला. थोर दिग्दर्शक-नट ओर्सन वेल्स यांच्या अगदी शेवटच्या कामांपैकी एक म्हणजे या सिनेमातल्या एका राक्षसी ग्रहाचा आवाज, ही सिनेमाच्या इतिहासातली एक विचित्र नोंद. पण यातून एक गोष्ट कळली. टीव्हीवरच्या पात्राला मुलं घरचं माणूस मानतात. दोनच दशकांनी, २००७ मध्ये, मायकेल बे यांनी त्याच ऑप्टिमसला खऱ्या नटांसोबत उभं केलं आणि सिनेमाने ७० कोटी डॉलरहून अधिक कमावले. तिकिटं काढणाऱ्यांत १९८६ साली रडलेली मुलंही असणार, आता स्वतःची मुलं घेऊन आलेली.

खऱ्या नटांचा हा रस्ता सरळ नाही. एमटीव्हीवरची पीटर चंग यांची 'ईऑन फ्लक्स' ही अर्धवट, गूढ, जवळजवळ मुकी विज्ञानमालिका. २००५ च्या सिनेमात शार्लीझ थेरॉनला घेऊन तिच्या प्रत्येक गूढाचा खुलासा केला गेला आणि मालिकेची जादू तिथेच संपली. २०२४ मध्ये आपल्या छोट्या भीमालाही खरं शरीर मिळालं, सोबतीला अनुपम खेर आणि मकरंद देशपांडे आले. पण रेषेतला लाडू उचलणारा भीम आणि हाडामांसाचा मुलगा यांच्यात अंतर राहिलं ते राहिलंच.

राहता राहिला डोरेमॉन. बाविसाव्या शतकातून आलेलं यंत्रमांजर, पोटाच्या पिशवीत भविष्यातली उपकरणं : सगळ्यात घरगुती आणि सगळ्यात यशस्वी अ‍ॅनिमेटेड विज्ञानकथा हीच. भारतात तो २००५ पासून हंगामा वाहिनीवर आहे आणि इथल्या दोन पिढ्यांना त्याचं हिंदी तोंडपाठ आहे. त्याची मालिकाही मोटू-पतलूसारखीच, छोट्या भागांची, रोज कोरी पाटी. मग १९८० पासून जवळजवळ दर वसंतात त्याचा सिनेमा कसा येतो? मूळ लेखक फुजिको एफ. फुजिओ यांनी एक साधी युक्ती केली. सिनेमासाठी ते आधी स्वतंत्र मोठी चित्रकथा लिहीत. रोजच्या भागात उपकरण नोबिताचा गृहपाठ चुकवायच्या कामी येतं. सिनेमात तेच उपकरण त्याला डायनोसॉरच्या काळात, अंतराळात, यंत्रमानवांच्या युद्धात घेऊन जातं. रडका नोबिता तिथे धीट होतो, दांडगट जियान मित्रासाठी जीव धोक्यात घालतो. पात्रं तीच, विज्ञानही तेच, फक्त पणाला लागलेली गोष्ट मोठी. डॉक्टर झटकांच्या यंत्रांतून हे सहज करता आलं असतं. त्यासाठी सिंह बोलवायची गरज नव्हती.

मराठीत अशा वाढत्या पात्राचं उदाहरण आहे, फक्त ते अ‍ॅनिमेशनमधलं नाही. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' पुस्तकांतून दूरदर्शनवर गेला, तिथे सुमीत राघवन फेणे झाला, आणि २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आदित्य सरपोतदार यांच्या सिनेमात अमेय वाघच्या रूपाने मोठ्या पडद्यावर आला. सिनेमाने फेणेला तरुण केलं, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात पुण्यात आणून सोडलं. कारण त्याचे वाचकही मोठे झाले होते. ज्युल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांपर्यंत आणणारेही हेच भागवत. म्हणजे नायक आणि विज्ञान दोन्ही एकाच लेखकाच्या टेबलावर होते.

विज्ञानकथांची वानवा मराठीत कधीच नव्हती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' धाडली, त्याला आता अर्धशतक उलटलं. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाईन', बाळ फोंडके यांच्या कथा : या साऱ्यात असलेलं विज्ञान पोशाखापुरतं नाही, कथेचा कणाच ते आहे. यांतल्या किती कथांची अ‍ॅनिमेटेड मालिका झाली? मराठी सिनेमानेही विज्ञानाला अधूनमधूनच हात लावला. सुजय डहाके यांचा २०१६ चा 'फुंतरू' हा असा एक प्रयत्न. मराठी अ‍ॅनिमेशनपट निघाला की तो बहुधा शिवरायांवर असतो. शिवराय हवेतच, पण प्रत्येक वेळी तेच का?

साधनं नाहीत, ही सबब आता चालत नाही, नव्या मुंबईत तर नाहीच. अ‍ॅनिमेशनची चौकट संगणकांच्या मोठ्या ताफ्यावर शिजते, आणि ऐरोली, रबाळे, महापे ते पनवेल हा पट्टा आज देशातल्या मोठ्या डेटा सेंटरांचा पट्टा आहे. वाशी-नेरूळमध्ये अ‍ॅनिमेशन शिकवणारे वर्ग आहेत. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या 'वेव्हज' परिषदेत राज्य सरकारने ८,००० कोटी रुपयांचे करार केले, त्यात पनवेलमधल्या स्टुडिओचाही करार होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, गेमिंग, व्हिज्युअल इफेक्ट्स यांच्यासाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. शिवाय हे शहरच मुळात कागदावर आखलेलं भविष्य आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवायला सिडको आली. खाडीतले फ्लेमिंगो, पामबीचवरचे मनोरे, उलव्याचा नवा विमानतळ : विज्ञानमालिकेला नेपथ्य शोधायला टोकियोला जावं लागणार नाही.

मात्र स्टुडिओ आणि अभ्यासक्रम यांनी हात तयार होतात, ते परदेशी सिनेमांचं कामही उत्तम करतात. गोष्ट लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. जपानी उदाहरणांनी दाखवलेली वाट फार खर्चीकही नाही : आधी सलग कथेची छोटी मालिका, तिचा प्रेक्षक जमेपर्यंत धीर, मग सिनेमा. तेव्हा या धोरणाच्या पैशांतला एक ठरावीक वाटा मूळ मराठी कथेवरच्या अ‍ॅनिमेटेड मालिकेसाठी, पटकथेपासून, राखून ठेवावा. पात्राचे हक्क वाहिनीकडे न जाता लेखक आणि स्टुडिओ यांच्याकडे राहतील अशी अट त्यात घालावी. आणि पहिल्या मालिकेसाठी नारळीकरांच्या, फोंडक्यांच्या, लोंढ्यांच्या कथांच्या हक्कधारकांशी बोलणी आजच सुरू करावीत.